लहान स्वयंपाकघर नव्याने करताना काय झाकावे, काय उघडे ठेवावे

प्रश्न असा आहे. जळगावात सर्वांत वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे, स्वयंपाकघर आठ बाय सात फुटांचे आहे आणि त्याला लागून भांडी घासण्यापुरती छोटी गॅलरी आहे. श्रावणात कानबाई, म्हणजे खान्देशात घरोघरी बसवली जाणारी देवी, बसायच्या आत सगळे काम व्हायला हवे. इंटिरियर करणाऱ्याने सुचवलेल्या आराखड्यात सिलिंडर ओट्याखालच्या बंद ट्रॉलीत आहे, पल्ले चकचकीत अ‍ॅक्रिलिकचे आहेत, स्लॅब तापतो म्हणून थर्माकोल घालून खाली पीव्हीसीच्या पट्ट्यांचे छत आहे, हॉलच्या बाजूची भिंत काढून स्वयंपाकघर मोकळे केले आहे, ओट्यात बसवायची काचेची शेगडी आहे आणि तिच्यावर चिमणी आहे. सासूबाईंना मात्र खापरावरचे, म्हणजे उपड्या मातीच्या भांड्यावर भाजलेले, मांडे आणि भरीत घरातच करता आले पाहिजे. अशा वेळी दिसण्याकडे किती पाहावे आणि आगीच्या भीतीने किती सोडावे, असे आपण विचारले आहे.

इतकी वर्षे घरांची ही कामे करताना माझे एक मत पक्के झाले आहे. लहान स्वयंपाकघरात सौंदर्य आणि सुरक्षितता यांचे भांडण रंगावरून किंवा वस्तूच्या किमतीवरून फारसे होत नाही. ते होते झाकण्यावरून. डोळ्यांना खुपणाऱ्या वस्तू ठरलेल्या असतात. सिलिंडर, त्याची नळी, रेग्युलेटर, प्लग, चिमणीचा पाइप आणि भिंतीतली जाळी. आराखडा काढणारा या साऱ्या वस्तू दृष्टीआड करतो आणि नेमक्या त्याच वस्तू घरातल्या माणसांना दिसायला आणि हाताला यायला हव्या असतात. म्हणून आपल्या आराखड्यातील प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारावा: हिच्यामुळे काय झाकले जाते? त्यात गॅस, ज्योत, वायर किंवा हवेची वाट झाकली जात नसेल, तर ती आवडीप्रमाणे खुशाल करावी.

सर्वांत आधी सिलिंडर, कारण आपल्या आराखड्यातील सर्वांत मोठा धोका तिथे आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, त्यामुळे गळती झाली की तो वर जाऊन खिडकीबाहेर पडत नाही, तर खाली बसतो आणि फरशीलगत पसरतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्क्यांपासून नऊ टक्क्यांपर्यंत असले की ठिणगी पुरते. आता दोन फूट रुंद, दोन फूट खोल आणि अडीच फूट उंच अशा बंद कप्प्याचा हिशेब करून पाहा. त्यात साधारण २८० लिटर हवा मावते आणि तिचे दोन टक्के म्हणजे सहा लिटरांहून थोडा कमी गॅस. वजनात तो १२ ते १३ ग्रॅम भरतो. एवढा गॅस वायसर झिजलेल्या रेग्युलेटरमधून रात्रभरात सहज बाहेर येऊ शकतो आणि पल्ला घट्ट बसत असल्याने त्याचा वासही बाहेर पुरेसा येत नाही. मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. आपण दार लावून त्या इशाऱ्यालाच अडवतो.

बंद ट्रॉलीत आणखी एक गोष्ट घडते, जी काम पूर्ण झाल्यावर वर्ष-दोन वर्षांनी दिसते. सिलिंडरच्या कप्प्यातून शेगडीकडे नळी नेण्यासाठी सुतार प्लायला भोक पाडतो आणि त्या भोकाची कडा तशीच धारदार राहते. शेजारची ट्रॉली दिवसातून पन्नास वेळा सरकते, प्रत्येक वेळी नळी जराशी ओढली जाते आणि त्या कडेवर घासते. केशरी आवरण आधी पांढरट पडते, मग तिथे बोटाला खरबरीत लागते आणि शेवटी आतली पोलादी तार दिसू लागते. ही जागा कप्प्याच्या मागच्या बाजूला असल्याने विजेरी घेऊन वाकल्याशिवाय ती कुणालाच दिसत नाही. पोलादी तार असलेली ही ‘सुरक्षा’ नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी, पाच वर्षांनी बदलावी आणि ती भिंतीतून किंवा फळीतून आरपार नेऊ नये, हे नियम याच कारणासाठी आहेत. नळीवर छापलेली तारीख घरातल्या कुणालाही न वाकता वाचता आली पाहिजे.

आपल्याकडे गॅलरी आहे, तेव्हा सिलिंडर तिथे न्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गॅलरीतून आत येणारी जोडणी रबरी नळीने न करता तांब्याच्या पाइपने करावी, भिंतीतून जाताना त्या पाइपभोवती संरक्षक नळकांडे असावे आणि आत शेगडीजवळ, पण शेगडीच्या मागे नव्हे, बंद करण्याचा व्हॉल्व्ह असावा. आग लागल्यावर तो बंद करण्यासाठी ज्वाळांवरून हात न्यावा लागत असेल, तर तो नसल्यासारखाच आहे. हे काम गॅस एजन्सीच्या अधिकृत मेकॅनिककडूनच करून घ्यावे. गॅलरीतही तीन गोष्टी पाहाव्या लागतात. ती सरकत्या काचांनी पूर्ण बंद केलेली नसावी. सिलिंडर मोरीच्या जाळीपासून दूर, दुसऱ्या टोकाला असावा, कारण जड गॅस सांडपाण्याच्या पाइपात उतरतो. आणि त्याच्यावर थेट ऊन नसावे. आपली गॅलरी पश्चिमेला असेल, तर पारा ४४-४५ अंशांवर जातो त्या दिवसांत दुपारी तीननंतर तिथे हात ठेववत नाही. तेव्हा लोखंडी पट्ट्यांची तिरपी झडप लावून सावली करावी. ती रंगवून घेतली की दिसतेही चांगली आणि हवाही अडत नाही.

काही अडचणीमुळे सिलिंडर आतच ठेवावा लागला, तर त्या कप्प्याला भरीव पल्ला लावू नये. जाळीचा किंवा आडव्या फटींचा पल्ला घ्यावा, ज्यात खाली फरशीलगत आणि वर ओट्याच्या खाली अशी दोन्हीकडे हवा खेळेल. कप्प्याला तळफळी नको आणि समोरची खालची पट्टीही नको. मात्र कप्प्यातून बाहेर आलेला गॅस पुढे जाणार कुठे, हेही पाहायला हवे. आपल्याकडे गॅलरीच्या दाराला पाणी आत येऊ नये म्हणून दगडी उंबरा असतो. तोच उंबरा गॅसलाही आत कोंडतो. त्या दाराशेजारच्या भिंतीत, फरशीपासून वीतभर उंचीवर, बाहेर उघडणारी लहान जाळी बसवावी. पाल-झुरळांसाठी तिला बारीक तारेची जाळी लावता येते, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी करतात तसे कागद किंवा फडके कोंबून ती बंद करू नये. गॅसची गळती ओळखणारे यंत्र घ्यायचे असल्यास तेही फरशीपासून साधारण एक फुटावर बसवावे. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असल्याने त्याच्यासाठी हेच यंत्र छताजवळ लागते. म्हणून शेजाऱ्यांचे पाहून जागा ठरवू नये.

फ्रिजचा उल्लेख आराखड्यात नाही, पण अशा स्वयंपाकघरात तो बहुधा सिलिंडरच्या कप्प्याला खेटूनच येतो. फ्रिज आपोआप चालू-बंद होतो आणि त्या क्षणी आत लहानशी ठिणगी पडू शकते. तो हॉलमध्ये गेला तर जागाही मोकळी होते आणि हा प्रश्नही मिटतो.

आता छत. इथे मी जराही तडजोड सुचवणार नाही. स्लॅबच्या उष्णतेचा त्रास मला समजतो. मे महिन्यात वरच्या मजल्यावर रात्री अकरालाही भिंत गरम लागते. पण थर्माकोल हे स्वयंपाकघरात डोक्यावर साठवलेले इंधन आहे. ते लवकर वितळते, जळते थेंब खाली पाडते आणि काळा दाट धूर करते. त्याखालच्या पीव्हीसीच्या पट्ट्या साधारण ७५-८० अंशांना मऊ पडू लागतात, आणि जळताना त्यांतून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडते, जे डोळ्यांतल्या व घशातल्या ओलाव्याशी मिळून आम्ल बनते. आग विझवणे दूरच, माणसाला दाराकडे जाण्याची वाटही दिसत नाही. छत करायचेच असेल तर जिप्सम बोर्डाचे करावे. जिप्समच्या घडणीतच पाणी बांधलेले असते आणि तापल्यावर ते वाफ होऊन निघत राहिल्याने आग पुढे सरकायला वेळ लागतो. उष्णतेचा खरा इलाज मात्र स्लॅबच्या वर आहे. गच्चीवर पांढरा परावर्तक लेप किंवा चुन्याचा थर दिला, तर ऊन स्लॅबमध्ये शिरायच्या आधीच बरेचसे परत फिरते आणि स्वयंपाकघराची उंचीही कमी होत नाही. त्यासाठी सोसायटीची परवानगी घ्यावी लागते, तेवढी घ्यावी.

पल्ल्यांच्या बाबतीत मी अधिक मोकळा आहे. अ‍ॅक्रिलिक साधारण शंभर अंशांच्या आसपास मऊ होते आणि पेटल्यावर स्वतः जळते, म्हणून शेगडीच्या खाली आणि तिच्या दोन्ही बाजूंना ते नको. पण समोरच्या भिंतीवरचे कपाट, सिंकखालचा कप्पा, हॉलकडून दिसणारी बाजू इथे ते लावायला माझी हरकत नाही, आणि खरे तर सर्वांच्या नजरेत भरणारी बाजू तीच असते. शेगडीच्या आसपास प्लायवर एक मिलिमीटरचा सनमायका त्याच रंगात घ्यावा. चार फुटांवरून फरक कळत नाही. खर्च परवडत असेल तर शेगडीखालच्या कप्प्यासाठी आयएस ५५०९ या मानकाचे अग्निरोधक प्लाय मागावे. ओट्यासाठी नेहमी वापरले जाणारे पाण्याला टिकणारे प्लाय आयएस ७१० मानकाचे असते आणि त्याचा आगीशी काही संबंध नाही, हे दुकानात स्पष्ट विचारून घ्यावे, कारण तिथे ‘हे पण चालतं’ असे सहज सांगितले जाते. वाळवीमुळे आपल्याकडे पीव्हीसीच्या ट्रॉल्यांची चलती आहे. सिंकच्या बाजूला त्या उपयोगी आहेत, शेगडीखाली नाहीत.

शेगडीमागच्या भिंतीला मोठ्या आकाराच्या टाइल्स किंवा ग्रॅनाइट लावावे. टाइल जितकी मोठी, तितके सांधे कमी, आणि सांधे कमी म्हणजे तेलाचा चिकटा साचायला जागा कमी. इथे दिसणे आणि सुरक्षितता एकाच बाजूला आहेत, कारण भिंतीवर साठलेले तेल हेही इंधनच असते. मागून रंग दिलेली काच हवी असेल तर ती टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, आहे याची खात्री करावी. तेलाचे डाग पडू नयेत म्हणून जे चांदीसारखे चमकणारे चिकट कागद विकले जातात, ते शेगडीमागे लावू नयेत.

शेगडीवर माझा भर थोडा अधिक राहील, कारण खान्देशातला स्वयंपाक सौम्य नाही. शेवभाजीचा तर्रीदार रस्सा, मिरच्यांचा खर्डा, पापड-कुरडयांचे तळण, सगळ्यांत तेल कडक तापते. त्यात उन्हाळ्यात हॉलमधला कूलर चालू असतो आणि आपण भिंत काढणार आहात, म्हणजे कूलरचा झोत थेट शेगडीवर येईल. मंद ज्योत विझेल, गॅस मात्र चालूच राहील. म्हणून ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेलीच शेगडी घ्यावी. बर्नरजवळ एक लहान धातूची कांडी असते, ती थंड पडली की आतला व्हॉल्व्ह मिटतो. अ‍ॅक्रिलिकचे चार पल्ले कमी करून हे पैसे इथे घालावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

खापराचा प्रश्न वेगळा आहे आणि सासूबाईंना तो नीट समजावून सांगायला हवा. दीड-दोन फूट व्यासाचे उपडे खापर बर्नरवर ठेवले की ज्योतीची उष्णता वर निसटत नाही. ती त्या मातीच्या घुमटाखाली कोंडते आणि खाली, बाजूला, बटणांकडे आणि काचेकडे परतते. एक मांडा भाजायला फार वेळ लागत नाही, पण पंधरा-वीस माणसांच्या पंगतीसाठी हा प्रकार दोन-अडीच तास चालतो. तेवढ्यात काचेची पट्टी तडकू शकते, बटणे मऊ पडू शकतात आणि ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या खालच्या बाजूला असलेली नळीची जोडणी तापते, जी कुणालाच दिसत नाही. खापराच्या उंचीमुळे चिमणीची जाळीही जवळ येते. तेव्हा खापर या ओट्यावर नको. आपण वरच्या मजल्यावर आहात, गच्ची एका जिन्यावर आहे. तिथे वाऱ्याला आडोसा करून चूल मांडावी, जसे पूर्वी अंगणात होत असे. मांड्यांना तीच आच मानवते, हे सासूबाईंना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

भरिताचे थोडे निराळे आहे. दोन-चार वांगी जाळीवर ठेवून बर्नरवर भाजता येतील. पण वांग्याला तेल चोळलेले असते, ते ज्योतीवर ठिबकते आणि ज्योत अचानक उंच होते. वर चिमणीच्या जाळीत महिनाभराचे तेल असेल तर ती पेट घेऊ शकते. भांडे न ठेवता उघडी ज्योत चिमणीखाली जळू देऊ नये, ही सूचना चिमणीच्या माहितीपुस्तिकेत असते, पण ती कुणी वाचत नाही. वांगी भाजताना आच मध्यम ठेवावी, जाळी आधी धुतलेली असावी आणि माणसाने तिथून हलू नये. हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या बामणोद गावची वांगी आली आणि वीस जणांचे भरीत करायचे ठरले, तर तेही गच्चीवर, कपाशीच्या काड्यांवरच करावे. चवही तीच खरी.

चिमणीबद्दल इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. शेगडीपासून तिची उंची कंपनीने दिलेलीच ठेवावी. ती बहुधा ६५ ते ७५ सेंटिमीटर असते आणि वरच्या कपाटाची ओळ जुळावी म्हणून ती कमी करू नये. पाइप अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पत्र्याचा असावा. दिसायला नीट म्हणून पांढरा पीव्हीसी पाइप लावण्याची पद्धत पडली आहे. आतल्या तेलाने पेट घेतला तर तो वितळून छतात आग पोचवतो. पाइप छतात दडवला तरी निदान एक सरकता झाकणाचा भाग तपासणीसाठी ठेवावा. तळण अधिक असणाऱ्या घरात जाळी दर दोन-तीन आठवड्यांनी गरम पाण्यात धुवावी. चिमणीच्या दोन्ही बाजूंच्या वरच्या कपाटांत तेलाचे डबे, कागदी पिशव्या ठेवू नयेत, आणि उंच कपाट बर्नरच्या कडेपासून निदान फूटभर लांब असावे.

विजेचे काम सुताराच्या आधी व्हायला हवे. इंडक्शन २००० वॅटची, मायक्रोवेव्ह १३०० वॅटचा आणि मिक्सर ७५० वॅटचा धरला, तर तिन्ही एकदम चालू असताना १७ ते १८ अँपिअर प्रवाह लागतो, आणि जुन्या फ्लॅटमध्ये हे सारे १६ अँपिअरच्या एकाच सॉकेटवर पट्टी लावून चालवले जाते. मोठ्या उपकरणांना स्वतंत्र लाइन, योग्य जाडीची वायर, स्वतःचा एमसीबी (जास्त प्रवाह होताच वीज तोडणारा स्विच) आणि साऱ्या घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) घालावा. कपाटाखालच्या एलईडी पट्ट्या खुशाल लावाव्यात, त्यांनी ओटा फार सुंदर दिसतो. फक्त त्यांचा अडॅप्टर प्लायच्या बंद खोक्यात कोंडू नये आणि वायरचे जोड चिकटपट्टीने बांधून छतात सोडू नयेत. सिलिंडरच्या कप्प्यात सॉकेट अजिबात नको.

भिंत काढण्याआधी ती भार पेलणारी नाही ना, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. मोकळ्या स्वयंपाकघरात हवा अधिक खेळते, हा फायदा आहे; पण सोफ्याचा फोम आणि पडदे ज्योतीच्या जवळ येतात. शेगडी अशा जागी नको की आग लागल्यावर मुख्य दाराची वाट तिच्या पुढून जाईल. खिडकीला कापडी पडदा न लावता खालची अर्धी काच धुरकट घ्यावी. बाहेर लोखंडी ग्रिल असेल तर त्यात आतून उघडणारे दार ठेवावे.

देवघर स्वयंपाकघरातच राहणार असेल, तर निरांजनाच्या वर प्लायची फळी येऊ देऊ नये. वर आणि मागे संगमरवराची किंवा ग्रॅनाइटची पातळ फरशी लावावी, ती शोभतेही. कानबाईच्या रात्री दिवा आणि समई खाली, जमिनीवर असतात, आणि गळलेला गॅसही तिथेच साचतो. म्हणून कानबाईची जागा हॉलमध्ये, सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या भिंतीशी ठरवावी आणि रात्री सगळे आटोपल्यावर रेग्युलेटर बंद करावा. आधीपासूनच ती भिंत मोकळी ठेवून आराखडा केला, तर ऐनवेळी सामान हलवावे लागत नाही.

आग विझवण्याचे दोन किलोचे कोरड्या भुकटीचे नळकांडे आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे आणि ते स्वयंपाकघराच्या दाराशी, उघड्यावर, हाताच्या उंचीवर टांगावे. रंगसंगतीसाठी ट्रॉलीत ठेवू नये. कढईतले तेल पेटले तर पाणी टाकू नये, कारण पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते तेल चहूकडे उडते. गॅस बंद करावा, सपाट झाकण बाजूने सरकवून ठेवावे आणि कढई थंड होईपर्यंत ते उचलू नये. असे झाकण शेगडीजवळच्या खिळ्याला कायम लटकलेले असावे. गॅसचा वास आला तर कोणतेही बटण, एक्झॉस्ट फॅनचेसुद्धा, चालू किंवा बंद करू नये. दारे-खिडक्या उघडून, रेग्युलेटर बंद करून बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

कामाचा क्रम असा ठेवावा: आधी गॅसचा मेकॅनिक, मग वायरमन, मग टाइल्स, आणि सुतार शेवटी. आता सुताराला आगाऊ रक्कम दिली असेल तरीही त्याला थांबवावे. ट्रॉल्या बसल्या, की मेकॅनिकला पुन्हा बोलावून सगळे सांधे साबणाच्या पाण्याने तपासून घ्यावेत, बुडबुडा दिसला नाही याची आपण स्वतः खात्री करावी, आणि त्यानंतरच शेवटचा पल्ला लावू द्यावा.